होडी चार दिवस बाहेर बसली

माझा नवरा जातीने ढीवर आणि स्वभावाने मांजर. मासा पाहिजे, पाणी नको. समोर मी त्याला अहो म्हणते, ताट आधी त्याचं वाढते. इथे 'तो' लिहिते आहे, कारण ही वही पिठाच्या डब्याखाली असते आणि पिठाच्या डब्याला त्याने जन्मात हात लावलेला नाही.

तो वाढला नागपुरात, एका सायकलच्या दुकानामागे. पंक्चर शोधायला ट्यूब बुडवतात ते घमेलं, तेवढंच पाणी त्याने लहानपणी पाहिलं. मी भंडाऱ्याकडची. आमचं घर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. खोड कोरून केलेला बापाचा डोंगा दाराशी बांधलेला असायचा. चौथी पास झाले तेव्हा बाप म्हणाला, पुस्तकं पुरे, आता शिंगाडे तोडायला चल. तेव्हापासून लग्नापर्यंत मी कमरेपासून खाली पाण्यातच होते. म्हणजे आमच्या घरातलं पाण्याचं सगळं ज्ञान माझ्याकडे आणि मिशा त्याच्याकडे. लोक मिशांना विचारायचे.

दिल्लीत तो एका साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर होता. साहेब पुण्याचे, केंद्र सरकारात मोठे अधिकारी. लक्ष्मीबाई नगरात त्यांचं सरकारी घर होतं, आणि मागे आमची एक खोली. एवढी की एकाने कूस बदलली तर बाकी दोघांना उठून बसावं लागे. तिसरी आमची मुलगी. दहा वर्षं तिथे काढली. त्या दहा वर्षांत मी साहेबांशी दोनच शब्द बोलले असेन, 'हो' आणि 'चहा'. लाजाळू म्हणून माझी ख्याती होती. मॅडम, म्हणजे साहेबांची बायको, पाहुण्यांना सांगायच्या, "आमची बाई ना, अगदी गरीब गाय." गाय काय म्हणते हे कोणी कधी विचारलं नाही.

साहेब निवृत्त झाले तो काळ सगळीकडे नवं नवं निघण्याचा होता. नव्या गाड्या, टीव्हीवर मोजता येणार नाहीत इतके चॅनेल, आणि शेतांच्या जागी सोसायट्या. साहेबांनी फरीदाबादच्या बाजूला अशाच एका सोसायटीत फ्लॅट घेतला. तिथे दगडाची जुनी खदान होती. तिच्यात पाणी साचलेलं. बुजवायला शेकडो ट्रक माती लागली असती, म्हणून बिल्डरने तिला 'लेक' म्हटलं आणि लेककडे तोंड असलेले फ्लॅट महाग विकले. वर हंसाच्या आकाराच्या दोन पायडलच्या होड्या सोडल्या. एका हंसाची मान तुटली होती, ती तारेने बांधली होती. तो सारखा कुणाला तरी नमस्कार करतो आहे असं दिसायचं.

साहेब लेक कमिटीचे मुख्य झाले. त्यांनी माझ्या नवऱ्याला बोलावून सांगितलं, "अरे, तू ढीवर ना? पाणी तुझ्या रक्तात आहे. लेकची देखभाल तू कर. पंपाशेजारच्या दोन खोल्या देतो."

त्याच्या रक्तात रविवारी संध्याकाळी जे असायचं ते पाणी नव्हतं. पण दोन खोल्या म्हटल्यावर तो "जी साहेब" म्हणाला, आणि घरी येऊन मला म्हणाला, "आता तू मला सांगत जा, काय करायचं ते."

दोन खोल्या! वेगळा नळ, वेगळा संडास, खिडकीतून पाणी दिसायचं. पहिल्या दिवशी मी एका खोलीतून दुसरीत उगाचच चार वेळा जाऊन आले. मुलीची शाळा रस्ता ओलांडला की समोर. मी ठरवलं की इथून मला आता फक्त चौघांनी उचलून न्यावं.

काम सोपं होतं. पाण्यात रोहू, कतला आणि आपोआप आलेली मरळ होती. मी खिडकीतून बघायची, त्याला सांगायची, आणि तो काठावर उभा राहून साहेबांना सांगायचा. "साहेब, मासे सकाळी वर तोंड काढतात, म्हणजे पाण्यात हवा कमी. पंप चालू ठेवावा लागेल." साहेब मित्रांना म्हणायचे, "बघा, पुस्तकात नाही मिळत हे." पुस्तकात नसेल, भाजी चिरत बसलेल्या बाईकडे होतं.

साहेबांना निवृत्तीनंतर गळ टाकून मासे धरायचा नाद लागला. तसेच आणखी तीन निवृत्त मित्र. चौघांनाही जावयांनी परदेशातून काठ्या, टोप्या, खिशाखिशांची जाकिटं आणून दिलेली. दर शनिवारी जीपच्या मागे एक चपटी होडी बांधून ते कुठल्या ना कुठल्या पाण्यावर जायचे. कधी यमुनेवर, कधी दुसऱ्या खदानीवर, एकदा तर पानिपतच्या पलीकडे कुठल्यातरी तळ्यावर. मासा धरायचा, त्याच्याबरोबर फोटो काढायचा आणि परत सोडायचा. साहेब शाकाहारी. माझ्या बापाला हे कळलं असतं तर त्याने विचारलं असतं, मग त्या माशाने यांचं काय वाकडं केलं होतं?

संध्याकाळी परत आले की ती होडी तशीच चिखलाने भरलेली आमच्या लेकमध्ये ढकलायचे, धुतली जावी म्हणून. बूटही त्याच पाण्यात खळबळून घ्यायचे. आणि बादलीत गळाला लावायला नेलेले छोटे जिवंत मासे उरले असतील तर साहेब ते स्वतःच्या हाताने आमच्या पाण्यात सोडायचे. "जा बाळांनो," म्हणायचे.

ते पाहून माझ्या अंगावर काटा आला. आमच्या गावात असं केलं असतं तर बापाने त्या बादलीत साहेबांनाच सोडलं असतं. बाप म्हणायचा, मासा काही एका तलावातून दुसऱ्या तलावात चालत जात नाही. त्याचा रोग कुणीतरी न्यावा लागतो, आणि तो आपणच नेतो. ओल्या जाळ्यातून, डोंग्याच्या तळाशी राहिलेल्या पाण्यातून, पायाच्या चिखलातून. म्हणून आमच्याकडे रीत होती. जाळं किंवा डोंगा दुसऱ्या तलावावर जाऊन आला की तो चार दिवस बाहेर बसायचा. अगदी बाईसारखा. पाळीवरच्या सपाट दगडावर जाळं पसरायचं, डोंगा पालथा घालायचा, वर लाल चिंधी बांधायची. चार उन्हं लागेपर्यंत त्याने पाण्याला शिवायचं नाही. ढगाळ दिवस मोजायचा नाही. मग चुन्याच्या पाण्याने आंघोळ, की झालं शुद्ध. एका वर्षी शेजारच्या गावात लग्नाला आलेल्या पाहुण्यांनी आपली ओली जाळी त्यांच्या तलावात टाकली, आणि हिवाळ्यात त्यांची मरळ अंगावर लाल फोड घेऊन काठाला लागली. आमच्या तलावात एकही मेला नाही. बायकांना चार दिवस बाहेर बसवून कुणाचं काय भलं झालं ते देव जाणे. लक्ष्मीबाई नगरच्या त्या खोलीत मी बाहेर बसले असते तर थेट बसस्टॉपवर बसावं लागलं असतं, म्हणून मी ते कधीच सोडून दिलं. पण जाळ्याला बसवायचे ते मात्र बरं करायचे.

मी नवऱ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "हे मी साहेबांना कसं सांगू? तुमची होडी विटाळशी आहे म्हणू?"

"तसं नका सांगू. उन्हात वाळवा म्हणा."

त्याने सांगितलं. साहेबांनी दोन शनिवार ऐकलं. तिसऱ्या शनिवारी म्हणाले, "अरे, होडी काय पापड आहे का वाळवायला?" मित्र हसले. होडी पुन्हा पाण्यात.

यात भर पडली मॅडमच्या शनीची. त्यांच्या मुलाचा अमेरिकेचा व्हिसा दोनदा नाकारला होता. कुणा ज्योतिषाने सांगितलं, शनी वक्री आहे, दर शनिवारी सात जिवंत मासे पाण्यात सोडा. मॅडम रिक्षाने मच्छी बाजारात जाऊन, नाकाला पदर लावून, टबमधले मागूर पिशवीतून आणायच्या. स्वतः सोडायला त्यांना किळस यायची, म्हणून ते काम माझ्या नवऱ्याचं. बदल्यात बेसनाच्या लाडवांचा डबा.

एकदा पिशवी आमच्या ओट्यावर ठेवली होती. मी तोंड उघडून आत पाहिलं. सातांपैकी दोघांच्या पोटावर नाण्याएवढे लाल चट्टे. एकाच्या शेपटीजवळ मांस उघडं पडलेलं.

"अहो, हे सोडू नका."

"शनी कोपेल."

"शनी वर आहे. हे पाणी आपल्या दारात आहे."

"मॅडम खिडकीतून बघताहेत," तो म्हणाला आणि पिशवी पालथी करून आला. मग लाडू खाल्ले. तीन मीही खाल्ले. हे लिहायलाच पाहिजे, कारण पुढे मी फार शहाणी होणार आहे.

पावसाळा सरला, सकाळी गारवा पडू लागला, आणि पहिली मरळ उलटी तरंगली. अंगावर तसाच लाल फोड. दुसऱ्या दिवशी दोन. नवरा पहाटे फिरणाऱ्या लोकांच्या आधी उठून काठीने मेलेले मासे ओढायचा. मी म्हटलं, खोल खड्डा करून चुना घालून पुरा. खड्डा खणायला कष्ट पडतात, म्हणून तो ते भिंतीपलीकडे भिरकावायचा. भिंतीपलीकडे घारी होत्या.

सोसायटीच्या बागेत सकाळी योगाचा वर्ग भरायचा. एके दिवशी सगळे डोळे मिटून शवासनात पडले होते. शिकवणारे गुरुजी म्हणत होते, शरीर ढिलं सोडा, आकाशातून शांती उतरते आहे असं समजा. तेवढ्यात वरून जाणाऱ्या घारीच्या पंजातून मरळ सुटली आणि सोसायटीच्या सेक्रेटरींच्या पोटावर उतरली. खऱ्या शवासनात असलेली तेवढी एकटीच. सेक्रेटरी पंजाबी, अंगाने भरलेले. त्यांनी मारलेली किंकाळी मी चुलीपाशी ऐकली.

मग सगळं बाहेर आलं. लोक काठावर येऊन नाकाला रुमाल लावून उभे राहिले. सेक्रेटरी म्हणाले, "बस, बहुत हो गया. ये गंदा गड्ढा बंद करो, पार्किंग बनाओ!" टाळ्या पडल्या. प्रत्येकाकडे नवी गाडी आलेली, काहींकडे दोन, आणि उभ्या करायला जागा नव्हती. रविवारी मीटिंग ठरली. पार्किंग झालं की लेक नाही, लेक नाही तर लेकचा माणूस नाही, माणूस नाही तर दोन खोल्या नाहीत. मुलगी सहामाहीचा अभ्यास करत होती. मी तिच्या पाठीमागे बसून भिंतीला हात लावून पाहिला. थंड होती, आपली होती, सात दिवसांसाठी.

त्यात साहेबांनी त्याच्या पुढच्या रविवारी गळाची स्पर्धा ठेवलेली. दुसऱ्या दोन सोसायट्यांचे लोक आपापल्या होड्या, काठ्या, बादल्या घेऊन येणार. म्हणजे आमचा रोग ते घरी नेणार आणि त्यांचा इथे ठेवून जाणार.

मी नवऱ्याला म्हटलं, "मीटिंगमध्ये खरं सांगा. होड्यांचं, बादलीचं आणि मागुरांचं."

"मागूर मी सोडले."

"म्हणून तर तुम्ही सांगा."

"मॅडमचं नाव घेऊ? साहेबांसमोर? उद्याच बिस्तरा गोल!"

"नाही घेतलं तर परवा गोल होईल."

"मी बघतो," तो म्हणाला. आमच्या घरात 'मी बघतो' याचा अर्थ, बघत राहतो.

रविवारी क्लब हाऊसमध्ये पन्नास-साठ माणसं. चहा आणि समोसे वाढायला मी होते. साहेब बोलले, कारखान्यांच्या धुरामुळे हे होतं आहे. दुसरे कोणी बोलले, बिसलरीसारखं पाणी भरून घ्यायला पाहिजे होतं. सेक्रेटरींनी माझ्या नवऱ्याला उभं केलं. "तुम बताओ भाई. तुम तो खानदानी मछुआरे हो."

त्याने मिशीवरून हात फिरवला. "साहब, दवाई डाल देंगे," म्हणाला आणि बसला.

सेक्रेटरी म्हणाले, "जो पार्किंग के हक में हैं, हाथ उठाएँ."

हात वर जायला लागले. माझ्या हातात समोशांचं ताट होतं.   तेवढ्यात मला आमचा नळ दिसला, पाणी गळणारा, त्याला मी बांधलेलं फडकं. मी साहेबांच्या बुटांकडे बघत, मराठीत, ताटालाच सांगितल्यासारखं म्हटलं, "दवाईने नाही होणार. पाणी बाहेरून विटाळलंय."

बूट हलले. "कोण बोललं?" साहेबांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझा आवाज ओळखण्याइतका ऐकलाच नव्हता.

मी सगळं सांगितलं, एका दमात, ताट धरूनच. होडीचं, बुटांचं, बादलीतल्या बाळांचं, गावच्या रीतीचं. मागुरांशी आले तेव्हा थांबले आणि मॅडमकडे पाहिलं. त्यांचा चेहरा बेसनाच्या लाडवासारखा झाला होता.

"क्या कह रही है?" सेक्रेटरी विचारत होते. "कोई हिंदी में बताओ!"

साहेब मॅडमना म्हणाले, "अगं, तू सांग ना."

मॅडम उठल्या. "ये कह रही है कि... नाव को सुखाना चाहिए."

"इतनी देर में बस इतना बोली?"

"और मछली बाहर से नहीं लानी चाहिए."

"कौन लाता है बाहर से?"

मॅडमनी पदर सारखा केला. साहेब त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांना शनीचं माहीतच नव्हतं. ते पुण्याचे, विज्ञानवादी.

"ग्रहासाठी सोडले मी," मॅडम हळूच मराठीत म्हणाल्या. "त्याच्या व्हिसासाठी."

"सोडले मी," नवरा एकदम उभा राहून म्हणाला. "माझ्याच हातांनी सोडले साहेब. फोड दिसत होते तरी सोडले." हे त्याने का केलं ते मला आजही माहीत नाही. बहुतेक माझ्या हातातलं ताट कलंडलं होतं आणि समोसे पडतील अशी त्याला भीती वाटली.

मराठी न कळणारे सगळे आता चित्रपट पाहिल्यासारखे बसले होते. एक जण म्हणाला, "पर नाव को चार दिन ही क्यों?"

मॅडम माझ्याकडे बघून पुटपुटल्या, "हे मी नाही हं सांगणार पुरुषांपुढे."

मागच्या रांगेत सेक्रेटरींची आई बसली होती. ऐंशीच्या पुढची, तोंडात दात नाहीत, कानाने मात्र तिखट. तिला काय कळलं, कसं कळलं, माहीत नाही. बायकांना या गोष्टी भाषेशिवाय कळतात. ती मोठ्याने म्हणाली, "अरे, समझते क्यों नहीं? नाव महीने से है! चार दिन अलग बैठेगी. हम सारी उमर बैठे, तुम्हारी नाव नहीं बैठ सकती?"

 बायका हसायला लागल्या, आणि ते हसणं थांबेचना. गुरुजींनी समोसा गिळताना ठसका खाल्ला. सेक्रेटरी लाल झाले. "बीजी, प्लीज."

"काहे का प्लीज? पार्किंग बाद में बनाना. पहले इस लड़की की बात करके देखो."

तेव्हा मी पस्तिशीची होते. लड़की ऐकून बरं वाटलं.

ठरलं ते असं. होळीपर्यंत मुदत. तोवर सगळं माझ्या सांगण्याप्रमाणे. होळीच्या दिवशी पाण्यात एक जरी फोड आलेला मासा निघाला, तरी लेक बुजवायचं.

दुसऱ्या दिवशी मेलेले मासे पुरले, खोल, चुना घालून. खड्डा नवऱ्याने खणला, मी काठावर बसून बघितला. मग पाण्यात चुना टाकायचा होता. हंसाची होडी पायाने चालवायची असते, सायकलसारखी, आणि सायकल मला येत नाही. त्याला सायकलशिवाय काही येत नाही. म्हणून तो डोळे गच्च मिटून पायडल मारत होता आणि मी शेजारी बसून भिजवलेला चुना तांब्यातांब्याने शिंपडत होते. लग्नानंतर आम्ही जोडीने असे कुठे बसलोच नव्हतो. सगळ्या बाल्कन्यांतून लोक बघत होते. कोणीतरी शिट्टी मारली. हंस नमस्कार करत होता.

"किती राहिलं?" तो डोळे न उघडता विचारायचा.

"अर्धं."

"अगं, खरं सांग."

"खरं सांगितलं तर उडी माराल."

साहेबांची होडी वाळत घातली. लाल चिंधी साहेबांनी स्वतः बांधली, जावयाने दिलेल्या टोपीची नाडी काढून. बूट, काठ्या, बादल्या सगळ्यांची रांग उन्हात. मोजणी सेक्रेटरींच्या आईने घेतली. ती रोज तिथेच खुर्ची टाकून मटार सोलायची. स्पर्धेच्या पाहुण्यांनाही निरोप गेला की होड्या आठवडाभर आधी इथे आणून पालथ्या घालाव्या लागतील. ते चिडले, पण आणल्या. आणि मग डिसेंबरचं धुकं पडलं.

"आज धूप निकली?" साहेब रोज फोन करून विचारायचे.

"नहीं निकली. आज का नहीं गिनेंगे," म्हातारी सांगायची.

असे सतरा दिवस. स्पर्धा आपोआप पुढे गेली. सतरा दिवस तिन्ही सोसायट्यांच्या होड्या धुक्यात पालथ्या पडून होत्या आणि सगळे निवृत्त अधिकारी घरी बसून बायकांना स्वयंपाक शिकवत होते. बायका माझ्यावर चिडल्या. माझा नाइलाज होता.

मॅडम एका दुपारी आल्या. दारातच उभ्या. मला वाटलं, आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे गं. पण शनीचं काय करू?"

मी म्हटलं, "कणकेच्या गोळ्या टाका ना. बाहेरचे मासे आणण्यापेक्षा आतल्यांना खायला घाला."

"शनीला चालतं?"

"चालतं," मी म्हटलं. शनीला मी विचारलं नव्हतं. त्यानेही कधी मला काही विचारलं नाही. मॅडम रोज कणकेच्या गोळ्या टाकायला लागल्या. व्हिसा तिसऱ्यांदाही नाकारला, पण कतले चांगले भरले.

जानेवारीत दोन फोडवाले मासे निघाले, पुरले. मी दोन रात्री जेवले नाही. मग एक निघाला त्याच्या अंगावर फोड होता पण भरून आलेला, वर नवी कातडी, जुन्या पोळल्याच्या डागासारखी. तो जिवंत होता. मी त्याला हातात धरून बघितलं आणि परत सोडलं. "जा बाळा," म्हटलं. ते तोंडातून निघून गेलं, साहेबांचं वळण लागलं असणार.

होळीच्या आदल्या दिवशी एक मरळ मेलेली तरंगली. नवऱ्याचं तोंड पांढरं पडलं. तिला उचलून तो सेक्रेटरींकडे घेऊन गेला नाही, सरळ काठावर बसलेल्या म्हातारीकडे घेऊन गेला. तिने चष्मा लावून उलटी-पालटी करून पाहिली. अंग साफ, खवले चकचकीत, फक्त डोकं चेपलेलं. हंसाच्या पायडलखाली आली होती.

"ये तो एक्सीडेंट केस है," म्हातारी म्हणाली. पार्किंग बारगळलं. गाड्या अजून रस्त्यावर उभ्या राहतात आणि त्यांचे मालक अजून एकमेकांच्या आयांचं नाव घेतात.

काठावर पाटी लागली, हिंदी आणि इंग्रजीत. बाहेरून आलेली होडी, जाळी, बूट चार दिवस उन्हात वाळवल्याशिवाय पाण्यात आणू नये, बाहेरचा मासा सोडू नये. खाली 'लेक प्रभारी' म्हणून माझ्या नवऱ्याच्या हुद्द्याचा शिक्का. साहेब पाहुण्यांना पाटी दाखवून म्हणायचे, "खानदानी ज्ञान." मी खिडकीत भाजी चिरत असायची. दोन खोल्यांची खिडकी. मला पाटीचं काही वाईट वाटलं नाही. फार नाही.

मे महिन्यात साहेब नवऱ्याला घेऊन यमुनेवर गेले. संध्याकाळी तो आला, गुडघ्यापर्यंत चिखल, चपलांना शेवाळ, आणि सरळ पाय धुवायला लेकच्या पायऱ्या उतरायला लागला.

"थांबा," मी म्हटलं.

"काय झालं?"

"पाटी वाचा."

"अगं, ती होडीसाठी आहे!"

"जाऊन आलेलं सगळं. पाण्याला शिवायचं नाही. घरातही यायचं नाही, घरातून मोरीचं पाणी कुठे जातं माहीत आहे ना? ओट्यावर बसा."

"किती वेळ?"

"चार उन्हं."

त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. मी त्याचं ताट ओट्याच्या कडेला ठेवलं, लांबून, त्याला न शिवता, आणि तांब्याही तसाच सरकवला. सतरंजी फेकली. मुलीने जाऊन दाराच्या कडीला लाल रिबीन बांधली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. येणारेजाणारे थांबून विचारायचे, तो मिशीवरून हात फिरवून म्हणायचा, "ट्रेनिंग चल रही है." सेक्रेटरींची आई मटार संपले म्हणून भेंडी घेऊन आली आणि समोर खुर्ची टाकून बसली.

तीन उन्हं झाली. चौथ्या दिवशी दुपारी आंधी आली. आकाश पिवळं झालं, धुळीने सूर्य गडप. तो ओट्यावर कानाला गमछा बांधून बसला होता.

"झाले ना चार?" दाराआडून त्याने विचारलं.

मी बाहेर डोकावून वर पाहिलं. मग म्हातारीकडे पाहिलं.

ती भेंडी चिरत म्हणाली, "आज का नहीं गिनेंगे."